फोर्कनंतर कोणाला धरायचं? जीडीबीमध्ये एका प्रोसेसमधून दुसरीत जाताना

जीडीबी या डीबगरमध्ये चाइल्ड प्रोसेसच्या फंक्शनवर ब्रेकपॉइंट (प्रोग्राम जिथे थांबवायचा ती खूण) लावला, ‘रन’ म्हटलं, आणि प्रोग्राम न थांबता सरळ संपला. फंक्शन तर नक्की चाललं होतं, कारण त्याचा आउटपुट समोर दिसत होता. लिनक्सवर सीमध्ये काम करणाऱ्या बहुतेकांना हा अनुभव एकदा तरी येतो. पहिला संशय ब्रेकपॉइंटवर जातो, मग कंपायलरवर. खरं कारण जीडीबीने पडद्यावर छापलेलं असतं, पण त्या ओळीकडे लक्ष जात नाही: ‘डिटॅचिंग आफ्टर फोर्क फ्रॉम चाइल्ड प्रोसेस ४७१२’. फोर्क झाला, म्हणजे चालू प्रोसेसने स्वतःची प्रत काढली, मूळ ती पॅरेंट आणि प्रत ती चाइल्ड अशा दोन प्रोसेसेस झाल्या, डीबगरने पॅरेंटचा हात धरला आणि चाइल्डचा सोडून दिला. ठरीव वागणूकच तशी आहे.

मी एका जुन्या डेटा भरणाऱ्या सेवेवर काम करत होतो. ती आठवड्यातून दोनदा अडकायची. अडकलेली प्रोसेस मी दोन दिवस उलटसुलट तपासली, पण चूक तिच्यात नव्हतीच. ती शेजारच्या प्रोसेसमध्ये होती. तेव्हापासून मी एक गोष्ट धरून चालतो: अडकलेली प्रोसेस आणि चुकलेली प्रोसेस एकच असेल असं नाही. म्हणून एका प्रोसेसमधून दुसरीत सहज जाता आलं पाहिजे. इथे तेच एका छोट्या प्रोग्रामवर करून दाखवतो.

लिपीबद्दल आधी सांगतो. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीतच टाइप करायच्या. जोडरेघ दिसेल तिथे जोडरेघ, जागा दिसेल तिथे जागा.

तीन प्रश्न, तीन सेटिंग

फोर्कनंतर डीबगरपुढे तीन प्रश्न असतात आणि प्रत्येकासाठी स्वतंत्र सेटिंग आहे. गोंधळ बहुतेक वेळा ही तीन एकमेकांत मिसळल्यामुळे होतो.

कोणाच्या मागे जायचं, हा पहिला प्रश्न. त्याचं सेटिंग ‘फॉलो-फोर्क-मोड’. किंमत ‘पॅरेंट’ किंवा ‘चाइल्ड’, आपण काही सांगितलं नाही तर ‘पॅरेंट’.

जिच्या मागे गेलो नाही तिचं काय करायचं, हा दुसरा. त्याचं सेटिंग ‘डिटॅच-ऑन-फोर्क’. ठरीव किंमत ‘ऑन’, म्हणजे दुसरीला मोकळं सोडायचं. ‘ऑफ’ केलं की दोन्ही प्रोसेसेस जीडीबीच्या ताब्यात राहतात.

तिसरा प्रश्न लोक विसरतात आणि त्याचा त्रास सगळ्यात जास्त होतो: मी ‘कंटिन्यू’ म्हटलं की नेमकं कोण चालणार? त्याचं सेटिंग ‘शेड्यूल-मल्टिपल’. ठरीव किंमत ‘ऑफ’, म्हणजे फक्त सध्या निवडलेली प्रोसेस चालते, बाकीच्या जागच्या जागी गोठलेल्या राहतात. ‘ऑन’ केलं की ताब्यातल्या सगळ्या चालतात.

जीडीबी आपल्या ताब्यातल्या प्रत्येक प्रोसेसला ‘इन्फिरिअर’ म्हणतो. नाव विचित्र आहे, पण त्याचा अर्थ ‘डीबगरच्या हाताखालची प्रोसेस’ इतकाच. प्रत्येकीला १, २, ३ असा क्रमांक मिळतो. हा क्रमांक पीआयडीपेक्षा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमने प्रोसेसला दिलेल्या क्रमांकापेक्षा, वेगळा असतो आणि एका इन्फिरिअरमधून दुसऱ्यात जाताना हाच वापरायचा. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये जीडीबी लिहिला; एकाच सत्रात वेगवेगळे प्रोग्राम धरण्याची सोय मात्र २०१० च्या ७.१ आवृत्तीत आली. फार जुन्या सर्व्हरवर काम करत असाल तर आवृत्ती आधी पाहून घ्या.

सरावासाठी प्रोग्राम

प्रोग्रामचं नाव ‘हिशेब’. पॅरेंट एक पाइप बनवते (एका टोकाने लिहायचं, दुसऱ्याने वाचायचं अशी नळी), आपण त्याला ‘अ’ म्हणू, आणि पहिली चाइल्ड फोर्क करते. चाइल्ड आपल्याकडचं ‘अ’चं लिहिण्याचं टोक बंद करते, पॅरेंट वाचण्याचं. मग पाइप ‘ब’ बनतो, दुसरी चाइल्ड फोर्क होते, आणि दोघी ‘ब’च्या बाबतीत तशीच बंदाबंद करतात. चाइल्डचं काम ‘मोज’ नावाच्या फंक्शनमध्ये आहे: पाइप संपेपर्यंत आकडे वाचायचे, बेरीज छापायची, बाहेर पडायचं. पॅरेंट पहिलीला आकडे लिहून पाठवते, ‘अ’चं लिहिण्याचं टोक बंद करते आणि ‘वेटपिड’ने पहिली संपण्याची वाट पाहते. त्यानंतर दुसरीला आकडे.

वाचताना सगळं ठीक वाटतं. चालवलं की प्रोग्राम कायमचा अडकतो. पुढे वाचण्याआधी कारण शोधून पाहा. मी लिहिलेल्या वर्णनात ते आहे.

कंपाइल करताना ‘-जी’ पर्याय द्या आणि ऑप्टिमायझेशन बंद ठेवा, नाहीतर व्हेरिएबलच्या जागी ‘ऑप्टिमाइझ्ड आउट’ वाचत बसावं लागेल.

आधी एकीच्याच मागे जाऊन पाहू

साधा मार्ग आधी वापरावा, पुष्कळदा तो पुरतो. जीडीबी सुरू करून:

सेट फॉलो-फोर्क-मोड चाइल्ड
ब्रेक मोज
रन

आता ब्रेकपॉइंट लागतो. ‘नेक्स्ट’, ‘प्रिंट’, सगळं नेहमीसारखं चालतं. चाइल्ड क्रॅश होत असेल, तिची बेरीज चुकत असेल, तर इथेच काम होईल. पॅरेंट मोकळी सुटलेली असते आणि आपल्या वाटेने जाते.

आपल्या उदाहरणात ‘कंटिन्यू’ म्हटल्यावर चाइल्ड अडकते. कंट्रोल-सी दाबून ‘बॅकट्रेस’ (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं त्याची यादी) पाहिला तर वर ‘रीड’, त्याखाली ‘मोज’, त्याखाली ‘मेन’. म्हणजे ती पाइपवर अजून डेटा येईल म्हणून थांबली आहे. पण पॅरेंटने तर लिहिण्याचं टोक बंद केलं होतं. मग पाइपचा शेवट का दिसत नाही? पहिल्या चाइल्डच्या आत कितीही शोधलं तरी याचं उत्तर मिळणार नाही. मी दोन दिवस इथेच घालवले होते.

तिघींनाही धरून

जीडीबीतून बाहेर पडा, पुन्हा सुरू करा, आणि या वेळी:

सेट डिटॅच-ऑन-फोर्क ऑफ
रन

प्रोग्राम पुन्हा अडकतो. कंट्रोल-सी दाबा आणि द्या:

इन्फो इन्फिरिअर्स

तीन ओळी दिसतील, प्रत्येकीत क्रमांक, ‘प्रोसेस’ या शब्दापुढे पीआयडी, आणि प्रोग्रामचा पत्ता. सध्या निवडलेल्या ओळीपुढे तारा असतो. आता पहिल्या चाइल्डमध्ये जाऊ:

इन्फिरिअर २
बॅकट्रेस

इथे घाई करू नका. बॅकट्रेसमध्ये ‘रीड’ नाही, ‘मोज’ही नाही. वर आहे ‘फोर्क’ किंवा त्याच्या पोटातलं एखादं ग्रंथालयाचं फंक्शन, खाली ‘मेन’. चाइल्ड जन्मली त्या क्षणापासून एक पाऊलही पुढे गेलेली नाही. ‘शेड्यूल-मल्टिपल’ बंद असल्यामुळे ‘रन’चा परिणाम फक्त पॅरेंटवर झाला, आणि पॅरेंट अशा चाइल्डची वाट पाहत बसली आहे जिला आपणच गोठवलं आहे. प्रोग्राम अडकला खरा, पण या वेळी तो डीबगरने अडकवला. हा खोटा अडथळा खऱ्यासारखाच दिसतो, आणि त्यावरून काढलेले निष्कर्ष पूर्ण चुकीचे असतात. ‘डिटॅच-ऑन-फोर्क’ बंद केल्यावर प्रोग्राम अडकला, तर प्रत्येक चाइल्डचा बॅकट्रेस फोर्कच्या पुढे गेला आहे का, हे मी सगळ्यात आधी पाहतो.

म्हणून ‘किल इन्फिरिअर्स १ २ ३’ देऊन सगळं साफ करा, ‘इन्फिरिअर १’ने पॅरेंटवर परत या, आणि:

सेट शेड्यूल-मल्टिपल ऑन
रन

या खेपेला तिघी चालतात आणि खरा अडथळा येतो. कंट्रोल-सी दाबा. जीडीबीच्या नेहमीच्या पद्धतीत एक थांबली की सगळ्या थांबतात, त्यामुळे त्या क्षणाचं चित्र जसंच्या तसं हातात मिळतं. ते एकदम पाहण्यासाठी:

थ्रेड अप्लाय ऑल बॅकट्रेस

ही कमांड सगळ्या प्रोसेसेसमधले सगळे थ्रेड (प्रोसेसच्या आत चालणारे कामाचे धागे) दाखवते. थ्रेडची नावं ‘१.१’, ‘२.१’ अशी येतात; टिंबाआधी इन्फिरिअरचा क्रमांक, टिंबानंतर त्यातल्या थ्रेडचा. ‘थ्रेड ३.१’ असं म्हणूनही थेट उडी मारता येते. प्रत्येक प्रोसेसमध्ये अनेक थ्रेड असतील तर मला हेच सोयीचं वाटतं. दुसऱ्यांदा ‘रन’ दिल्यावर चाइल्डना २ आणि ३ च्या ऐवजी पुढचे क्रमांक मिळू शकतात. पाठ केलेल्या क्रमांकावर जाऊ नका, यादी पाहा. पुढे मी सोयीसाठी २ आणि ३ च म्हणतो.

चित्र असं आहे: पॅरेंट ‘वेटपिड’मध्ये, पहिली चाइल्ड ‘रीड’मध्ये, दुसरी चाइल्डही ‘रीड’मध्ये. दुसरीचं थांबणं रास्त आहे, तिला अजून काही पाठवलेलंच नाही. पॅरेंटचंही रास्त आहे. प्रश्न राहतो पहिलीचा, आणि पाइपचा शेवट न दिसण्याचं कारण एकच असू शकतं: ‘अ’चं लिहिण्याचं टोक कुणाच्या तरी हातात अजून उघडं आहे.

ते कोणाच्या, हे कर्नललाच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यालाच, विचारू. प्रत्येक इन्फिरिअरमध्ये जाऊन ‘इन्फो प्रॉक’ दिलं की पीआयडी कळतो. मग जीडीबीतूनच, पुढे उद्गारचिन्ह लावून, ‘/प्रॉक/४७१२/एफडी’ या फोल्डरची ‘एलएस -एल’ यादी काढा. ४७१२ च्या जागी तुमचा पीआयडी. पाइपपुढे चौकटी कंसात एक ओळख क्रमांक असतो. दोन प्रोसेसेसमध्ये तोच क्रमांक दिसला तर तो एकच पाइप. डावीकडच्या परवानग्यांत ‘आर’ असेल तर वाचण्याचं टोक, ‘डब्ल्यू’ असेल तर लिहिण्याचं.

पहिल्या चाइल्डकडे ३ क्रमांकावर ‘अ’, वाचण्याचं टोक. दुसरीकडे ३ वर ‘ब’, वाचण्याचं. आणि ४ वर पुन्हा ‘अ’, लिहिण्याचं! सापडलं. दुसरी चाइल्ड फोर्क झाली तेव्हा पॅरेंटकडे ‘अ’चं लिहिण्याचं टोक उघडं होतं, आणि फोर्क सगळे उघडे डिस्क्रिप्टर (उघड्या फाइल आणि पाइपच्या टोकांचे हे ३, ४ असे क्रमांक) वारसा म्हणून देतो. तिने ते वापरलं नाही, पण बंदही केलं नाही. म्हणून पहिली दुसरीसाठी अडली, दुसरी पॅरेंटसाठी आणि पॅरेंट पहिलीसाठी.

कोड न बदलता खात्री

इथून थेट एडिटरकडे धावायची गरज नाही. अंदाज खरा आहे का, ते चालू प्रोसेसमध्येच तपासता येतं, आणि मला या कामातला हा भाग सगळ्यात आवडतो.

सेट शेड्यूल-मल्टिपल ऑफ
इन्फिरिअर ३
कॉल (इंट) क्लोज(४)

पहिली ओळ विसरू नका. ‘कॉल’ दिलं की प्रोसेस क्षणभर चालते. बाकीच्याही त्याच वेळी सुटल्या तर त्यांच्यातलं काहीतरी मधेच घडून आपला कॉल अर्धवट राहू शकतो. ‘इंट’ लिहायचं कारण असं, की सी लायब्ररीची डीबग माहिती नसेल तर ‘क्लोज’ काय परत करतं हे जीडीबीला ठाऊक नसतं. उत्तर शून्य आलं म्हणजे टोक बंद झालं. आता:

सेट शेड्यूल-मल्टिपल ऑन
कंटिन्यू

पहिली चाइल्ड बेरीज छापते आणि संपते. ‘एक्झिटेड नॉर्मली’ अशी ओळ येते आणि सगळं पुन्हा थांबतं. इथे ‘कंटिन्यू’ दिलं तर जीडीबी म्हणतो की प्रोग्राम चालूच नाही. घाबरू नका. तुम्ही आत्ता संपलेल्या प्रोसेसवर उभे आहात. ‘इन्फिरिअर १’ देऊन जिवंत असलेल्या पॅरेंटवर या आणि मग ‘कंटिन्यू’ म्हणा. उरलेला हिशेब पूर्ण होतो.

कोडमधली दुरुस्ती एका ओळीची: दुसऱ्या चाइल्डने फोर्कनंतर लगेच ‘अ’चं लिहिण्याचं टोक बंद करायचं. ‘एक्झेक’ होताना, म्हणजे प्रोसेस दुसरा प्रोग्राम सुरू करताना, टोक आपोआप बंद करणारं ‘क्लोज-ऑन-एक्झेक’ लावा, असा सल्ला अशा वेळी हमखास मिळतो. आपल्या चाइल्ड ‘एक्झेक’ करतच नाहीत, त्यामुळे त्याचा इथे काडीचाही उपयोग नाही.

ये-जा करताना

ब्रेकपॉइंट लागला की जीडीबी स्वतःच त्या प्रोसेसवर जातो. तुम्ही पहिलीत असता, ‘कंटिन्यू’ देता, आणि ब्रेकपॉइंट तिसरीत लागतो. पडद्यावर ‘थ्रेड ३.१’ने ब्रेकपॉइंट गाठल्याचं लिहिलेलं असतं, पण सवयीने आपण पहिलीतच आहोत असं समजून व्हेरिएबल वाचतो. तिघींचा कोड एकच, व्हेरिएबलची नावं तीच, किंमती मात्र वेगळ्या. यावर उपाय म्हणून ‘डिफाइन हुक-स्टॉप’ देऊन त्यात ‘प्रिंट $_इन्फिरिअर’ ही एक ओळ लिहा आणि ‘एंड’ने संपवा. दर थांब्याला आपण कुठे आहोत ते समोर येतं.

हेच व्हेरिएबल अटीतही चालतं. ब्रेकपॉइंट सगळ्या इन्फिरिअरना लागू होतो; फक्त तिसरीत थांबायचं असेल तर ‘ब्रेक मोज इफ $_इन्फिरिअर == ३’.

ओळीमागून ओळ तपासताना मी ‘शेड्यूल-मल्टिपल’ बंद करतो, नाहीतर एका ‘नेक्स्ट’मध्ये बाकीच्या प्रोसेसेस कुठल्या कुठे जातात. प्रोग्राम पुढे न्यायचा असेल तेव्हा पुन्हा चालू. ही उघडझाप कंटाळवाणी वाटते, पण तिला पर्याय नाही. एखादीची गरज संपली असेल तर ‘डिटॅच इन्फिरिअर्स २’ देऊन तिला मोकळं करा; ती पुढे स्वतंत्र चालते.

‘व्हीफोर्क’ हा फोर्कचा प्रकार वापरणाऱ्या प्रोग्राममध्ये वेगळी अडचण येते. तिथे चाइल्ड ‘एक्झेक’ करेपर्यंत किंवा संपेपर्यंत कर्नल पॅरेंटला हलू देत नाही. चाइल्ड थांबवून पॅरेंटला ‘कंटिन्यू’ दिलं तर जीडीबी स्पष्ट नकार देतो आणि ‘डिटॅच-ऑन-फोर्क’ किंवा ‘शेड्यूल-मल्टिपल’ बदलायला सुचवतो. त्याचं ऐका. चाइल्ड दुसराच प्रोग्राम सुरू करत असेल तर ‘कॅच एक्झेक’ लावा. नवा प्रोग्राम स्मृतीत आल्या आल्या थांबता येतं आणि त्याच्या फंक्शनांवर ब्रेकपॉइंट लावायला वेळ मिळतो.

आधीच चालू असलेली प्रोसेस

सर्व्हर कधीचा चालू असेल तर फोर्कचा क्षण पकडण्यात अर्थ नसतो. तिथे थेट पीआयडीला ‘अटॅच’ करायचं. पोस्टग्रेस हा डेटाबेस सर्व्हर चांगलं उदाहरण आहे. ते प्रत्येक जोडणीसाठी एक वेगळी प्रोसेस फोर्क करतं. आपली जोडणी कोणत्या प्रोसेसकडे आहे हे ‘सिलेक्ट पीजी_बॅकएंड_पीआयडी()’ सांगतं. तो पीआयडी घेऊन दुसऱ्या टर्मिनलमध्ये ‘जीडीबी -पी’. त्यानंतर लगेच ‘हँडल सिगयूझर१ नोस्टॉप नोप्रिंट पास’ द्या, कारण पोस्टग्रेसच्या प्रोसेसेस एकमेकींना हा सिग्नल पाठवत असतात आणि तुम्ही उगाच पुन्हा पुन्हा थांबाल. हे खऱ्या ग्राहकांच्या सर्व्हरवर करू नका. थांबवलेली प्रोसेस कुलपं धरून बसते आणि बाकीच्या जोडण्या तिच्यामागे रांग लावतात.

दुसरीही हवी असेल तर त्याच सत्रात ‘अ‍ॅड-इन्फिरिअर’, मग ‘इन्फिरिअर २’, मग ‘अटॅच’ आणि तिचा पीआयडी.

‘अटॅच’ला परवानगी नाकारली गेली तर ‘/प्रॉक/सिस/कर्नल/यामा/पीट्रेस_स्कोप’ ही फाइल पाहा. उबुंटूवर तिथे १ असतं, म्हणजे साधा वापरकर्ता फक्त आपल्या डीबगरने जन्माला घातलेल्या प्रोसेसेस धरू शकतो. ‘सुडो’ने जीडीबी चालवला की काम होतं, सरावाच्या मशीनवर शून्य लिहिलं तरी चालेल.

चाइल्ड जन्मल्या जन्मल्या मरत असेल तर अटॅच करायला वेळच मिळत नाही. तेव्हा चाइल्डच्या सुरुवातीला ‘थांब’ नावाचं ‘व्होलाटाइल’ व्हेरिएबल १ ठेवा, आणि ते शून्य होईपर्यंत सेकंदासेकंदाने झोपणारं लूप लिहा. आरामात अटॅच करा, ‘सेट व्हेरिएबल थांब = ०’ म्हणा, आणि पुढे चला. जुनी युक्ती आहे, पण कंटेनरमध्ये, रिमोट मशीनवर, जिथे बाकी काही जमत नाही तिथे ती अजून कामी येते. फक्त कमिट करण्याआधी ते लूप काढा.

जी चूक दहा वेळा चालवल्यावर एकदाच दिसते आणि डीबगर लावला की गायब होते, तिच्यासाठी मोझिलामध्ये सुरू झालेलं ‘आरआर’ वापरा. ‘आरआर रेकॉर्ड’ने सगळ्या प्रोसेसेसचा प्रवास नोंदवून ठेवायचा, ‘आरआर पीएस’ने त्यांची यादी पाहायची, आणि ‘आरआर रीप्ले -एफ’ पुढे पीआयडी देऊन हव्या त्या चाइल्डमध्ये फोर्कपासून शिरायचं. पीआयडी प्रत्येक रीप्लेमध्ये तेच राहतात, त्यामुळे आज पॅरेंट, उद्या चाइल्ड असं सवडीने तपासता येतं.

काम संपवून ‘क्विट’ देण्याआधी एकदा ‘इन्फो इन्फिरिअर्स’ पाहा. ‘अटॅच’ केलेल्या प्रोसेसेस जीडीबी जाताना मोकळ्या सोडतो, ‘रन’ने सुरू केलेल्या मारून टाकतो. एखादी चाइल्ड तुम्हाला पुढे चालू ठेवायची असेल, तर तिला आधी ‘डिटॅच’ करा.